येऊन राहिली

१४ मार्च १९५७
पोचलो एकदाचे नागपुरात! स्टेशनाबाहेर वाट विचारली, तर एक गृहस्थ म्हणाला, "सीधा जा गा." आम्हां देवरुखकरांना हे 'गा' म्हणजे गाणं म्हणायचा हुकूमच वाटला. पाचपावलीत नत्थूजी विणकरांच्या दोन खोल्या मिळाल्या. मधल्या भिंतीपलीकडे त्यांचा माग दिवसभर खटखटतो. त्यांच्या रुख्माबाईंनी नीलाला आल्याआल्या कडेवर घेतलं. पाच वर्षांची घोडी, पण बसली खुशाल! दोन संत्री खाऊन झोपलीसुद्धा.
कुसुम देवरुखातच, तिच्या भावाकडे आहे. क्षय. डॉक्टरांनी बजावलं, मुलीला आईजवळ ठेवू नका. निघताना तिला म्हटलं, जागा मिळाली की पत्ता कळवतो.

२ एप्रिल
कचेरीत काम बेताचं, ऊन बेफाम. नीला इथलं बोलू लागली आहे. आज म्हणते, "बाबा, मले भूक लागून राहिली." म्हटलं, अगं, भूक काय आपल्याकडे बिऱ्हाड करून राहिली की काय? रुख्माबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.
मेहुण्याचं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं. कुसुम रोज घराचा पत्ता विचारते. कळवला नाही. कळवला तर ती उठून येईल आणि पोरीला छातीशी धरील. मन घट्ट केलं.

२९ एप्रिल
कुसुम गेली.
कुणाला न सांगता गाठोडं घेऊन घरातून निघाली होती. कोल्हापूरच्या स्टेशनात बाकावर बसल्याबसल्या गेली. नागपूरची गाडी कुठली, म्हणून दिसेल त्याला विचारत होती म्हणे. जन्मात देवरुखचा बाजार ओलांडला नव्हता तिनं. पत्ता नव्हता जवळ. मी दिला नव्हता. मीच.
नीलाला सांगितलं नाही. इथं कुणालाच नाही.

९ मे
कचेरीतून आलो तर रुख्माबाई हसतमुख. "भाऊ, नीलाची माय येऊन राहिली जी!"
येऊन राहिली? कुठं राहिली? दोन्ही खोल्या पाहिल्या, खाटेखालीसुद्धा पाहिलं. तेव्हा रुख्माबाईंनी समजावलं, की आली नाही अजून, वाटेत आहे. सीताबर्डीला एक वाळलेली बाई भेटली, नऊवारी, काखेत गाठोडं. नीलाचं घर विचारत होती. रुख्माबाईंनी पाचपावलीची वाट दाखवली. खोकत होती बिचारी, म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी विचारत विचारत येते.
चहा ठेवू का, म्हणून त्या विचारत होत्या.

११ मे
नत्थूजींनी माग थांबवून सांगितलं, भर दुपारी एक बाई पलीकडच्या गल्लीत दारोदार फिरते. नवऱ्याचं नाव विचारलं तर मान खाली घालते. घरंदाज असावी, म्हणाले.
कसं घेईल ती माझं नाव? 'नीलाचे बाबा' एवढंच म्हणते. नीलाला या गल्लीबाहेर कोण ओळखतं? म्हणून अजून सापडत नाही तिला.
रोज हिंडते आहे. पायांत काही नसेल. हा उन्हाळा, आणि माझी कुसुम.
नीलाला ताप आहे. सकाळपासून खोकतेही आहे.

१२ मे, दुपारी
गल्लीत चिटपाखरू नाही. माग बंद. कड्या वाजताहेत— एकेका दाराची—
तिसऱ्या घरापाशी आहे. आवाज तिचाच. "इथं नीला राहते का हो?"
नीला खोकली. मी तिच्या तोंडावर हात धरला. माझ्याच लेकीच्या—
बाहेर पावलं थांबली.

नीलाला मागच्या दारानं रुख्माबाईंकडे दिलं. सांगितलं, काही झालं तरी बाहेर येऊ नका—
दाराशी आहे. रडते आहे. दमलीस गं, किती दमलीस—
"अहो, नीला कुठाय?"

सांगणार नाही. तेव्हा सांगितलं नाही, आताही—
पुन्हा विचारते. रागावत नाही. रागाव ना गं—

भिंतीपलीकडे नीला खोकली.
पावलं वळली. मागच्या अंगाला—
नाही. कुसुम, ती नको. पोर आहे गं ती. इकडे ये, मी आहे इथं, पाचपावली, नत्थूजींचं घर, डाव्या हाताचं दुसरं दार, मला ने, मी दार उघ—