दीपेशचं नाव

प्रिय शकू,

फोनच केला असता, पण तुझा फोन भावेश उचलतो आणि लगेच स्पीकरवर टाकतो. म्हणून कागद घेतला. बदलापूरला हल्ली पत्रं पोचतात की नाही, देव जाणे. गव्हाणला सगळे बरे आहेत. तुझ्या जुन्या घरासमोर आता ट्रेलर उभे असतात, भिंतीला धक्का लागून एक कोपरा गेलाय. तुझ्या धाकट्या भावेशच्या हळदीला पनवेलचा एसी हॉल घेतलास, ऐकलं. बरं केलंस, या गावात आता मांडव घालायला जागा कुठाय?

तुझी भाची हेतल मजेत आहे. तूच तिला तुझ्या जागी गायला माझ्या हाती दिलीस, तेव्हा तिच्याविषयी तुझ्याकडे रडणं मला शोभत नाही. पण मग कुणाकडे रडू? आपण दोघी लग्नघरी धवल्याची गाणी गायचो तेव्हा मी ओळ टाकायची आणि ती पुरी झाली की तू झेलायचीस. तू माझ्या श्वासाकडे बघत असायचीस. ही पोरगी माझी ओळ अर्ध्यातच उचलते आणि घेऊन पळते. मी हळद दळायच्या धवल्यात असते, ती नवऱ्यामुलाला लावायला पोचलेली असते! माइक तिच्याच हातात. लोकांना आवडते ती, गोड गळा आहे, नाचते, नवरीच्या मैत्रिणींना हसवते. मी शेजारी बसून टाळ्या वाजवते. गेल्या वेळी एका बाईनं मला विचारलं, तुम्ही हेतलच्या आई का?

हे सगळं मी गिळलं असतं. पण जासईच्या हळदीत मला फार लागलं. नवरामुलगा जीवन, त्याची आई तो लहान असतानाच गेलेली. मी घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलवत होते. आपली रीत तुला काय सांगायची, नाव घेतलं की थांबायचं, त्या माणसाला दारातून आत यायला वेळ द्यायचा. आजोबाचं नाव घेतलं आणि थांबले. पुढचं आईचं. पोरगा पाटावर डोळे मिटून बसला होता. तेवढ्यात हेतलनं माइक तोंडाशी नेला आणि हळदीचं गाणं सुरू केलं, मागोमाग ढोल. पोरानं डोळे उघडले, शकू. इकडेतिकडे बघितलं. जेवणावेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशे, माजे आयचं नाव रायलं ना?"

घरी येताना रिक्षात मी हेतलवर खूप चिडले. ती म्हणाली, "मावशी, तू थांबतेस ना, तवा मला वाटतं तू इसरलीस. आन मानसा मोबाईल काडतान. मी नाय घेतली ओळ, त डीजेवाला घेईल." तिला मी थांबण्याचा अर्थ समजावून सांगितला. तिनं मन लावून ऐकलं. पुढच्याच हळदीला, उलव्यात, पुन्हा तेच. मुद्दाम नाही करत गं ती, गप्प जागा दिसली की तिचा जीवच राहत नाही. आणि डीजेवाल्याचं तिनं सांगितलं तेही खोटं नाही. मला भांडायला वाईट माणूस तरी मिळायला हवा होता.

तू का गाणं सोडलंस, ते मी कधी विचारलं नाही. उरणच्या रस्त्यावरून तुझा थोरला दीपेश घरी आलाच नाही, त्यानंतर दुसऱ्यांच्या पोरांना हळद लावायला तू कुठल्या तोंडानं गाणार होतीस? पण एकदा तू मला म्हणाली होतीस, मनिषा, भावेशच्या हळदीत तू दीपेशला बोलावशील, तेवढ्यासाठी मी जगतेय. मी हो म्हटलं होतं. हसत म्हटलं होतं, त्यात काय एवढं!

काल हेतल येऊन गेली. भावेशचा तिला फोन आला होता, हळद छोटी करा, आईला रडू येईल असं काही नको. ती म्हणाली, गेलेल्यांची नावं यावेळी घ्यायचीच नाहीत, शकूमावशीला कशाला तरास. दोघांनाही तुझी माया आहे, मी कुणाचं तोंड धरू? मी तरीही नाव घेईन. पण माइकशिवाय माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही, आणि मी थांबले की ती ओळ नेईल. तू सांगितलंस तर दोघं ऐकतील, पण मुलाच्या आनंदाच्या आड तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच लिहितेय. हळदीला ये, छान हिरवी साडी नेस, सगळ्यांशी बोल. फक्त जीवनसारखी डोळे मिटून बसू नकोस गं. नाव तुझ्यापर्यंत येणार नाही.

तुझीच,
मनिषा