कोरडा रुमाल

६ नोव्हेंबर, सोमवार

सलूनला सुट्टी, म्हणजे सरावाचा दिवस. शाम्पूच्या टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले आहे. तिसऱ्यांदा होणार नाही. टेस्ट जानेवारीत. पास होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावायचा नाही, फक्त केर काढायचा आणि टॉवेल वाळवायचे. माझ्याबरोबर लागलेल्या दोघी आता कात्री धरतात. हरकत नाही. मी पाया पक्का करते आहे.

मिनोरीताई, माझी थोरली बहीण, आली होती. सरावाला जिवंत डोकं लागतं, आणि इथे आकिता शहरात हक्काचं डोकं तिचंच. केस आमच्या घराण्यातले: दाट, राठ, किंचित कुरळे. आधी नुसत्या कोमट पाण्याने मुळापर्यंत भिजवले. मग शाम्पू हातावर फेसून घेतला, बोटांच्या पेरांनी चोळला. नखं नाहीत. आई गावी, नोशिरोच्या पार्लरमध्ये अजून नखांनी खसाखसा धुते. मी तिच्याकडेच शिकले, त्यामुळे ते विसरायला मला एक वर्ष लागलं.

एकच दोष राहिला. गिऱ्हाईक मान मागे टाकून पडलं की आम्ही चेहऱ्यावर पातळ पांढरा रुमाल टाकतो. पाणी उडू नये, आणि इतक्या जवळून नजरानजर झाली की दोघांनाही अवघडतं, म्हणून. धुऊन झाल्यावर तो कोरडा निघाला पाहिजे. ताईचा दोन ठिकाणी ओला निघाला. डोळ्यांवर. कुरामोचीबाईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, तो हातात घेऊन पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. बाई बोलल्या नाहीत की समजावं, चूक मोठी आहे.

निश्चय: नळ कपाळापासून लांब. दुसरा हात आडोशाला. घाई नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

रुमाल पुन्हा ओला. त्याच दोन जागा.

सरावाच्या प्लॅस्टिकच्या डोक्यावर सकाळी तीनदा धुतलं, तिन्ही वेळा रुमाल कोरडा. म्हणजे हात बरोबर आहे, दोष केसांच्या जातीत आहे. राठ केस पाणी पटकन पीत नाहीत, उडवतात. बारीक केस डोक्याला चिकटतात, म्हणून उडवत नाहीत. हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी शोधलं. बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, असं का. आणि ताईकडे बघत राहिल्या.

धुताना विचारायचा ठरलेला प्रश्न विचारला, कुठे खाजतंय का? ताई म्हणाली, नाही, ठीक आहे. सगळे हेच म्हणतात. खाजत असलं तरी.

रात्री तोमोयुकीदाजींचा फोन. किती अदबीने बोलतात! म्हणाले, होनामी, अभ्यासात व्यत्यय नाही ना आणला? ताई किती वाजता निघाली गं? मी घड्याळ पाहिलेलं होतं, म्हणून नक्की सांगता आलं: पाच चाळीसला. म्हणाले, वा, तुझं सगळं कसं काटेकोर असतं. बरं वाटलं. आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

गंभीर. ताईच्या डाव्या कानामागे नाण्याएवढी जागा मोकळी आहे. केसच नाहीत. कातडी लाल. बोट लागलं तशी ती खांदे आखडून बसली.

कंडिशनर! मागच्या वेळी मी तो मुळांपर्यंत नेला असणार. तो टोकांना लावायचा, जास्तीत जास्त मध्यापर्यंत. मुळाशी बसला आणि धुवायचा राहिला की कातडी बिघडते. आणि मानेच्या वर, कानामागे, तिथेच तो राहतो, हे पहिल्या वर्षी शिकवतात. ताईची दहा वेळा माफी मागितली. ताई म्हणाली, अगं तुझ्यामुळे नाही. मी म्हटलं, मग कशामुळे? ती म्हणाली, बरं, तुझ्यामुळे. आणि हसली. तिचं हे बरं असतं, कशातही थट्टा.

आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काय दिसलं ते बोलायचं नाही, हे तुला किती वेळा सांगितलं? मी म्हटलं, अगं गिऱ्हाईक कुठलं, ताई आहे. आई म्हणाली, मग तर नाहीच. आणि भात लागतोय म्हणून फोन ठेवला.

रुमाल ओला. आज जरा जास्तच.

२७ नोव्हेंबर, सोमवार

नवा बिनवासाचा शाम्पू आणला, माझ्या पैशांनी. कंडिशनर फक्त टोकांना, तोही मोठ्या दातांच्या कंगव्याने. कानामागे पाण्याचीच ओंजळ. जागा भरून येते आहे. मला येतं. फक्त आत्मविश्वास हवा.

मध्येच ताईने विचारलं, तेरा तारखेला तू ह्यांना काय सांगितलंस? मी म्हटलं, पाच चाळीस. ती म्हणाली, आणि मी घरी पोचले सातला. मी विचारलं, मग मधे कुठे होतीस? म्हणाली, स्टेशनवर. बाकावर बसून गोड सारणाचा पाव खाल्ला. बस. मी म्हटलं, एवढंच? म्हणाली, एवढंच गं बाई, पण सबंध पाव होता.

मग म्हणाली, ह्यापुढे फोन आला तर सांग, सातपर्यंत इथेच होते. मला खोटं बोलता येत नाही. लहानपणी आईच्या गल्ल्यातलं नाणं ताईने घेतलं होतं, ते मी न विचारता सांगितलं होतं. ताई म्हणाली, तू पोलिसातच जायला हवं होतंस, इथे साबण कशाला चोळतेस!

तोड काढली. मी सावकाश धुवीन. इतकं सावकाश, की सात खरंच वाजतील. खोटं बोलायचा प्रश्नच नाही. शिवाय राठ केसांवर कंडिशनर जास्त वेळ ठेवलेला चांगलाच.

४ डिसेंबर, सोमवार

सहा वाजताच पाणी गार झालं. बाई सुट्टीच्या दिवशी बॉयलर लवकर बंद करतात. ताईला शिंका येऊ लागल्या. सव्वासहाला गेली. कंडिशनर मात्र अप्रतिम बसला.

फोन आला. सव्वासहा सांगितलं. दुसरं काय सांगणार? सव्वासहाच वाजले होते.

११ डिसेंबर, सोमवार

ताई आली नाही. कळवलंही नाही. बर्फ आहे, गाड्या उशिरा असतील.

दाजींचा फोन, ती पोचली का? म्हटलं, नाही आली. म्हणाले, हो का, मग घरातच असेल, बरं वाटत नव्हतं तिला. आणि माझ्या टेस्टला शुभेच्छा दिल्या. एवढ्या कामात तारीखसुद्धा लक्षात ठेवली. ताईला तिचं नशीब कळत नाही, असं कधी कधी वाटतं.

प्लॅस्टिकच्या डोक्यावर सराव. रुमाल कोरडा.

१८ डिसेंबर, सोमवार

ताई लोकरीची टोपी घालून आली आणि काढेचना. काढली तर आता दोन जागा. दुसरी माथ्यावर, मोठी. लोकरीची घट्ट टोपी केसांना ओढते. घाम साचतो, मुळं सैल होतात. तिला हे समजावून सांगितलं, जरा रागानेच. म्हटलं, टोपी वापरणं बंद कर. ती म्हणाली, हो, टोपीच बंद करायला हवी.

बाई हिशेब सोडून उठल्या आणि पाण्याचं तापमान बघायला आल्या. तापमान बरोबर होतं. तरी बराच वेळ उभ्या होत्या. ताईला म्हणाल्या, मिनोरीबाई, तुम्ही कधीही येत जा, सोमवारच पाहिजे असं नाही. माझ्या प्रगतीसाठी बाई इतकं करतात. मीच कमी पडते आहे.

रुमाल ओला.

४ जानेवारी

नव्या वर्षाचे निश्चय. एक, टेस्ट पास. दोन, रुमाल कोरडा. तीन, हातांना रोज मलम, भेगा पडल्या आहेत. चार, ताईवर चिडायचं नाही.

नव्या वर्षाच्या सणाला नोशिरोला गेले होते. ताई आणि दाजी आले होते. दाजींनी आईसाठी सफरचंदांची पेटी आणली, बूट स्वतः सरळ लावून ठेवले. जेवताना ताईच्या हातून सुपाची वाटी सांडली. दाजी म्हणाले, असू दे, असू दे. आणि ताईने जमीन पुसली, मग कोरडी जागासुद्धा पुसली. आई माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, काय? म्हणाली, काही नाही, मुळा वाढ.

१५ जानेवारी, सोमवार. टेस्ट

लिहून ठेवायला हवं.

ताई वेळेवर आली. खुर्ची मागे केली, मान बरोबर बसवली, टॉवेल खोचला, चेहऱ्यावर रुमाल टाकला. बाई वही-पेन घेऊन बाजूला उभ्या. पहिला भाग कोरडाच असतो: केस विंचरून गुंता काढायचा, डोकं बोटांनी चाचपायचं आणि केस कुठल्या जातीचे ते मोठ्याने सांगायचं. मी सांगितलं: दाट, राठ, किंचित कुरळे, टोकं कोरडी, दोन ठिकाणी गळती. गळतीचं कारण, घट्ट टोपी.

बाई म्हणाल्या, थांब.

त्या रुमालाकडे बघत होत्या. दोन डाग होते. डोळ्यांवर. बघता बघता मोठे होत होते.

माझा हात नळावर होता. पाणी मी अजून सोडलंच नव्हतं.

बाईंनी मला मागच्या खोलीतून टॉवेल आणायला पाठवलं. मी म्हटलं, टॉवेल आहेत. म्हणाल्या, आणखी आण. पडदा ओढला. मी मागे वाळलेले टॉवेल पुन्हा घड्या घालत बसले. आत ताईचा आवाज येत होता, थांबून थांबून. पडदा उघडला तेव्हा बाईंनीच तिचे केस धुतले होते. त्या दोन जागांना हात न लावता.

मी विचारलं, माझे मार्क? बाई म्हणाल्या, टेस्ट पुन्हा घेऊ. तू घरी जा, होनामी.

१६ जानेवारी

रुमाल माझ्यामुळे ओला होत नव्हता. म्हणजे माझा हात पहिल्यापासून बरोबर होता. दहा आठवडे मी उगाच स्वतःला…

डोकं दुखतं आहे.

१९ जानेवारी

बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, ह्या सोमवारी फोन आला तर तुझी बहीण इथेच आहे. जमेल? म्हटलं, जमेल.

सराव सुरू. आरशासमोर. ताई इथेच आहे, दाजी. केस अजून ओले आहेत. दाट आहेत ना, वाळायला वेळ लागतो. मधलं वाक्य लवकर येतं, तिथे श्वास घ्यायचा. ह्यात दाट केसांना वेळ लागतो हे खरंच आहे, त्यामुळे एक वाक्य तरी खरं. वीस वेळा म्हटलं. मला येतं.

२२ जानेवारी, सोमवार

ताई नेहमीसारखीच आली. हातात नेहमीचीच पिशवी. मी धुतले. पाणी जरा आणखी कोमट ठेवलं. कंडिशनर टोकांना. त्या दोन जागांवरून फक्त पाणी सोडलं. कुठे खाजतंय का विचारायचं राहून गेलं. वाळवताना म्हणाली, छान हात झालाय तुझा, आईसारखा खरवडत नाहीस. मग बाईंबरोबर मागच्या दाराने गेली. बाईंची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

मी फोनपाशी बसले. तयार होते.

फोन आलाच नाही. दाजी स्वतः आले. कोटावर बर्फ, हातात सफरचंदं. म्हणाले, म्हटलं आज न्यायलाच यावं. मी म्हटलं, ताई इथेच आहे, दाजी, केस अजून ओले आहेत. त्यांनी माझ्यामागच्या तीन रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. सबंध सलून तिथून दिसतं. मी वाक्य फोनसाठी बसवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, कुठे गेली? मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. कोणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, मला माहीत नाही. दाजींनी वाकून माझा चेहरा पाहिला. म्हणाले, खरंच माहीत नाही तुला. तू खोटं बोलणारी नाहीस. सफरचंदं टेबलावर ठेवून बाहेर पडले. गाडीत बराच वेळ बसून होते, मग गेले.

२३ जानेवारी

बाईंना विचारलं, ताई कुठे आहे? म्हणाल्या, सुखरूप आहे. मी म्हटलं, पण कुठे? बाईंनी कात्री पुसली, पुन्हा पुसली. म्हणाल्या, तुला सांगू नका, असं तिनेच बजावलंय. होनामीला कोणी विचारलं तर ती सांगून टाकेल, म्हणाली. मनात नसलं तरी.

आईला फोन केला. आईला माहीत आहे. आईनेही सांगितलं नाही.

२९ जानेवारी, सोमवार

टेस्ट. डोकं नवीन, समोरच्या औषधाच्या दुकानातली मुलगी. केस बारीक, तेलकट, सरळ. दोनदा शाम्पू, कंडिशनर नाममात्र. कुठे खाजतंय का विचारलं. म्हणाली, नाही, ठीक आहे. मी थांबले. पुन्हा विचारलं. म्हणाली, खरंच ठीक आहे हो.

रुमाल काढला. बाईंनी हात फिरवून पाहिला. मग मी पाहिला, उजेडाकडे धरून, दोन्ही बाजूंनी.

कोरडा होता. पास.