मामाचा पहिला हक्क

कळंबा, कोल्हापूर
१९९७

चि. शिवकुमारास, आक्काचा आशीर्वाद.

त्या सकाळी मी अंगण सारवत होते. माझ्या दानेश्वरीसाठी मागणीची हिरवी साडी घेऊन तू आलास आणि म्हणालास, "आक्का, पोरगी माझीच की. मामाचा पहिला हक्क हाय." ती आत भाकरी थापत होती. तिला विचारलं नाहीस.

मी वाचनालयातून लग्नाच्या कायद्याचं पुस्तक आणलं. मामा-भाचीच्या लग्नाला बंदी आहे, पण समाजात चाल असेल तर सूट. कायदा तुझ्या बाजूचा निघाला. असू दे. सूट आहे, सक्ती नाही.

माझंही लग्न आपल्याच मामाशी लावलं. ते भले होते. अजून जेवायला वाढताना हात त्यांच्या ताटाकडे जातो. पण तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

मी दानेश्वरीला विचारलं. म्हणाली, "मामा मामाच असू दे की."

तुझी आक्का,
शांतव्वा

ता.क. हे पत्र टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी कुरुंदवाडला आले आणि चारचौघांसमोर साडी तुझ्या हातात परत दिली.