पाळण्यामागची ओली भिंत

१८ जानेवारी, दुपार

ताईसाहेब,

साष्टांग नमस्कार, आणि आधी कान धरते. तुझं पत्र कधीचं आलंय नि मी रोज ‘उद्या नक्की’ म्हणत टाळतेय. पेन सापडलं तर कागद नाही, कागद मिळाला तर शेजारचं मांजर त्यावर बसलेलं. भारी मांजर आहे गं, एक डोळा निळा... असो. तुझ्या बाळाचा, आपल्या पिल्लाचा, खोकला कसाय?

माझं काम बरं चाललंय. आमचा मिस्त्री थंड भिंतींना आतून फोमचे तक्ते चिकटवतो, मी ते कापते. मी एका कामावर इतके दिवस टिकले म्हणून तोच घाबरलाय. “भिंगरे, बरं नाही का तुला?”

आता तुझ्या खोलीतला, पाळण्यामागचा ओला कोपरा. सासूबाई म्हणतात, तू खोलीत लंगोट वाळवतेस म्हणून ओल. तू म्हणतेस, वरच्यांचं न्हाणीघर गळतंय. दोघींचं बोलणं बंद, आणि दाजी आपले काळ्या डागांवर रंग फासतायत.

भिंत पुसून तिथे प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने लाव. दोनेक दिवसांनी बघ. पाणी तुकड्याच्या मागे आलं तर भिंतीतून येतंय, पुढे आलं तर खोलीतून. पुढेच येईल, रागावू नकोस. तुमच्या बाल्कनीचा स्लॅब म्हणजे खोलीचाच, सरळ बाहेर गेलेला. तो गारठा थेट आत आणतो. मग लंगोटांची, चहाची, तुमच्या सगळ्यांच्या श्वासांची वाफ त्या गार कोपऱ्यात जाऊन पाणी होते, थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तशी. त्यात बाळाला वारा नको म्हणून सासूबाईंनी झरोक्यात चादर कोंबलेली. वाफेने जायचं कुठून? पाळणा आधी आतल्या भिंतीला ने. कायमचा इलाज म्हणजे त्या कोपऱ्याला आमचे तक्ते, फट न ठेवता.

पानभर भिंतच लिहिली ना मी?

तू लिहिलंयस, येत्या रविवारी बाळाला घेऊन घर सोडतेस, त्याआधी मी येऊन ओल कशाची ते सगळ्यांसमोर सांगावं. ताई, माझी शाळा अर्धवट, पत्ता दर हंगामाला नवा. तुझ्या लग्नात सासूबाईंनी विचारलं, “ही करते काय?” तर मी पाणी प्यायला म्हणून सटकले. त्यांना काय समजावणार? आणि माझ्या शब्दावर तू थांबलीस नि पिल्लू खोकतच राहिलं तर? त्याचीच भीती वाटते. जाऊ नकोस, एवढं लिहायलाही हात धजत नाही.

थांब, दार वाजतंय.

ताई! तुझ्या सासूबाई! माझ्या मागच्या पत्राच्या पाकिटावरचा पत्ता बघून आल्यात, जिने चढून धाप लागलीय. “बसा” म्हटलं तर म्हणतात, “बसायला नाही आले. सुनेनं कपाट रिकामं केलंय. माझं ऐकायची नाही ती, तुझं ऐकेल. चल.”

मी म्हटलं, “मावशी, ती झरोक्यातली चादर...”

“वाटेत बोल काय बोलायचं ते. चप्पल घाल आधी.”

गोदामातून तक्ते उचलते. हे पत्र टपालात टाकत नाही, मीच घेऊन निघालेय. मी पोचेपर्यंत थांब, ताई. एवढंच मागते.

तुझी, आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी दाराशी येऊन बोलावलं म्हणून निघालेली,
भिंगरी