बळवंतरावांचं नवं नाटक

१२ ऑगस्ट १९५६, रविवार

पार्सल आलं! पुण्याहून दोन नवी नाटकं. नई सडकेवरच्या वाचनालयात सुतळी सोडायला मीच पुढे. ग्रंथपाल ओरडले, "अनसूयाबाई, अहो शिक्का तरी मारू द्या!" एकाचा अर्धा अंक तिथेच उभ्याउभ्या वाचला.

या नव्या लेखकांच्या नाटकात कोणी गात गात येत नाही. माणसं चहा पितात, खुर्ची सरकवतात, भाजी महाग झाली म्हणतात आणि मध्येच कंसात येतं — (थांबतो). बस. त्या थांबण्यात काय होत असेल? वाचून कळत नाही. बघायला हवं. पण इथे ग्वाल्हेरात कोण दाखवणार? प्रयोग पुण्या-मुंबईला, आमच्याकडे नुसती पुस्तकं. लग्नाचं जेवण परगावी आणि आपल्या हाती पत्रिका!

संध्याकाळी वडिलांना, दादांना, पहिला अंक वाचून दाखवला. त्यांना आता अक्षर दिसत नाही. सगळं ऐकून म्हणाले, "छान आहे गं अनू. पण पद कधी येणार?"

१९ ऑगस्ट, रविवार

आज नाट्यमंडळाच्या बैठकीत बळवंतरावांनी स्वतः लिहिलेलं नाटक वाचलं. मोतीमहालात, सचिवालयात, कारकून आहेत. पस्तिशीचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. बोलतात इतकं हळू की शेवटच्या रांगेला कान पुढे करावे लागले.

नाव 'दाणावैरण'. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडे गेले. घरी बसलेला म्हातारा रिसालदार रोज सकाळी विचारतो, "दाणावैरण झाली का?" सून रोज म्हणते, "झाली." तिसऱ्या अंकात एक दिवस ती म्हणते, "घोडाच नाही, मामंजी." म्हातारा थांबतो. मग म्हणतो, "मग मी कशाला उठलो?" पडदा.

आपल्या लष्कर भागातलं घर, आपली माणसं, आणि तेही पुस्तकातून नव्हे, चार हातांवर बसलेल्या माणसाच्या तोंडून!

संभाजीराव उठले. आमचे अध्यक्ष. वीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकात राजा झालेले, आणि खऱ्या आयुष्यात पागेचे रिसालदार.

"हे माझ्यावर लिहिलंय?"

"नाही, काका. माझ्या घरचं आहे. वडील पागेच्या कचेरीत होते. जाईपर्यंत रोज पहाटे उठून कपडे करून बसायचे."

"वीस वर्षं मुकुट घातला मी. आता बिनघोड्याचा स्वार होऊ?" काठी टेकत निघून गेले.

मग सुरू झालं. गाणी नाहीत तर लोक येतील का? आमच्याकडे बायकांची कामं करणारा मधुसूदन तर रडकुंडीला आला — "शालू नाही, शेला नाही, नुसतं सुती लुगडं? अन् हातात सूप?"

मी उठले. बैठकीत तोंड उघडायची माझी पहिलीच वेळ. "हे नाटक आपण केलंच पाहिजे," म्हटलं आणि खाली बसले. बळवंतराव माझ्याकडे बघत होते. मी सतरंजीकडे.

२३ ऑगस्ट

हस्तलिखित माझ्याकडे आलं! नकला करायच्या आहेत. "अक्षर तुमचं चांगलं आहे. मत त्याहून," बळवंतराव म्हणाले.

म्हटलं मत विचारताय तर सांगते. दुसऱ्या अंकात सून फार बोलते. तिची सगळी माया त्या एका 'झाली'मध्ये आहे. तिला गप्प करा.

त्यांनी पानं उलटली. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर चार पानांवर काट मारली.

२४ ऑगस्ट

चार पानं!

९ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मंडळाचं नेहमीचं पौराणिक संगीत नाटक झालं. संभाजीराव राजा. वन्समोअर वगैरे सगळं झालं. मला मात्र प्रत्येक पद कधी संपतं असं झालं होतं. पूर्वी मला हेच किती आवडायचं! नवी नाटकं वाचून मी बिघडले की काय?

आज दुपारी खुद्द संभाजीराव दारात. दादांपाशी बसले, पाणी प्यायले, मग मला म्हणाले, "पोरी, ते बाड काढ. वाच."

मी वाचलं. तिन्ही अंक. ते डोळे मिटून बसले होते. वाटलं, झोपले. संपल्यावर म्हणाले, "चूक आहे."

"काय चूक, काका?"

"दाणा आधी नाही. पाणी आधी. पाणी पाजायचं, मग दाणा घालायचा. नाही तर जनावराच्या पोटात दुखतं. कारकुनाच्या पोराला काय ठाऊक!" काठी हातात घेतली. उंबऱ्यापर्यंत गेले आणि वळले. "असल्या चुका स्टेजवर जाता कामा नयेत. सांग त्याला, मी करतो म्हणून."

मी चप्पल न घालताच बळवंतरावांच्या गल्लीपर्यंत गेले होते, हे परत आल्यावर कळलं.

२६ सप्टेंबर

शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी विमल धावत आली — "अनसूया, लिस्ट निकल गई! मोतीमहालाच्या बाहेर लावून राहिले!"

मध्यभारत राज्यच जाणार. एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. सचिवालय सगळं तिकडे, यादी बदल्यांची. मधल्या सुट्टीत गेले. फाटकाशी ही गर्दी! कोणी बोट फिरवत नाव शोधतंय, कोणी सापडल्यावर पुन्हा पुन्हा वाचतंय. बळवंतरावांचं नाव तिसऱ्या कागदावर. मधुसूदनचं त्याच्याखाली.

मंडळात आम्ही चौदा. त्यातले नऊ जाणार.

संध्याकाळी तालमीला मात्र चौदाही हजर. संभाजीरावांनी एवढंच विचारलं, "तारीख?" एकवीस ऑक्टोबर ठरली.

५ ऑक्टोबर

मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसते. बळवंतराव शेजारी उभे. आज मधुसूदनने पहिल्यांदा 'झाली' नीट म्हटलं — मान न वळवता, सूप पाखडता पाखडता. मी आणि बळवंतरावांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

निघताना म्हणाले, "भोपाळला मराठी मंडळ असेल ना?"

"असेल की."

"मंडळ असेल. पण चार पानं काढा म्हणून सांगणारं कोण असेल?"

ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. एकतीस वर्षांची मास्तरीण, घरी आंधळे वडील. आणि ते तरी स्पष्ट काय म्हणाले? नाटकाबद्दलच बोलत होते. नाटकाबद्दलच.

१४ ऑक्टोबर, दसरा

बळवंतराव सोनं द्यायला आले होते. दादांना दिलं, नमस्कार केला. मग मला. ती पानं मी प्रॉम्प्टिंगच्या वहीत ठेवली.

२२ ऑक्टोबर, सोमवार

काल प्रयोग झाला. आजच लिहायला हवं.

संध्याकाळी सहाला पडदा. हॉल भरलेला. बाड्याच्या चौकातले दुकानदार, आमच्या शाळेतल्या बाया, निघायच्या तयारीतले सगळे कारकून, आणि मागच्या रांगेत संभाजीरावांच्या जुन्या रिसाल्यातले सात-आठ म्हातारे. हिंदी बोलणारेही होते त्यांत. दादांना मी पहिल्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

दोन अंक सुरळीत. लोक हसलेही. पदांची कोणाला आठवणसुद्धा झाली नाही!

तिसरा अंक. मधुसूदन म्हणाला, "घोडाच नाही, मामंजी."

संभाजीराव थांबले. मी मनात तीन मोजले. पुढचं वाक्य येईना. हळूच म्हटलं, "मग मी कशाला..." नाही. पुन्हा, जरा मोठ्याने. संभाजीराव बघत होते समोर, पण तिथे काही नव्हतं. हॉलमध्ये खोकलासुद्धा नाही. पलीकडच्या विंगेत बळवंतराव पडद्याची दोरी धरून उभे.

मग संभाजीराव बोलले. त्यांच्या राजाच्या आवाजात नव्हे. घरात बोलतात तसं.

"बिजली नाव होतं तिचं. मीच सही केली. साहेबाने कागद पुढे केला, मी सही केली. सकाळची वेळ. नेणाऱ्यांना घाई होती. पाणी पाजू दिलं नाही मला. तशीच तहानलेली गेली."

वहीत यातलं एक अक्षर नव्हतं. मी वही मिटली.

मधुसूदन — आमचा शालूवेडा मधुसूदन! — त्याने सूप खाली ठेवलं, कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. संभाजीरावांनी तांब्या घेतला. प्यायले नाहीत. नुसता धरून बसले. बळवंतरावांनी पडदा सोडला.

टाळी पडेना. मागच्या रांगेतले म्हातारे एकेक करून उभे राहिले. एकाचा आवाज आला, "रिसालदार साहब..." आणि तो तिथेच अडकला. मग सगळा हॉल उभा.

(थांबतो) म्हणजे काय ते मी पाहिलं. पुण्याला जावं लागलं नाही.

बळवंतराव माझ्या विंगेत आले. डोळे लाल.

"शेवट माझा नव्हता."

"नव्हता."

"पण नाटक तेच होतं. मी उगाच वाक्य लिहून बसलो होतो. तुम्हांला आठवतंय, काय काय बोलले ते?"

"लिहून घेतलंय," मी म्हटलं. घेतलं होतं. तळहातावर, पेन्सिलीने.

संभाजीराव रंग न पुसताच घरी गेले होते.

२९ ऑक्टोबर

स्टेशन. अर्धं लष्कर फलाटावर. ट्रंका, वळकट्या, कोणाच्या डोक्यावर देव्हारा. मधुसूदनने मला वाकून नमस्कार केला. वेडा! संभाजीराव सगळ्यांच्या पाठीवर एकेक थाप मारत फिरत होते.

बळवंतराव खिडकीत.

"पत्र टाकीन."

"नवं काही लिहिलंत तर..."

"आधी तुम्हांलाच."

गाडी हलली. मी हात वर केला तोवर त्यांचा डबा पुढे गेला होता.

विमल घरापर्यंत सोबत आली. मग म्हणाली, "तू बोलली का नाहीस?" मी दादांचा चहा टाकायला आत गेले.

२ नोव्हेंबर, दिवाळी

परवा मध्यभारतात निजलो, काल मध्यप्रदेशात उठलो. चार पणत्या लावल्या. समोरच्या तिन्ही घरांना कुलपं.

१८ नोव्हेंबर, रविवार

मुंबईहून नवं नाटक आलंय. शहरातल्या दोन भावांचं. उत्तम आहे, मला दिसतंय की उत्तम आहे. पहिल्या अंकानंतर मिटून ठेवलं. कोणाला सांगू, काय आवडलं ते? दादांना वाचून दाखवते, पण मन लागत नाही. मंडळाची खोली बंद. किल्ली संभाजीरावांकडे. ते रोज जाऊन खिडक्या उघडतात, बसतात, परत लावून येतात म्हणे.

४ डिसेंबर

पोस्टकार्ड आलं. "अनसूयाबाईंस सादर नमस्कार. कचेरीत दिवसभर हिंदी. घरी आल्यावर बोलायला कोणी नाही, म्हणून तिथेही हिंदीच डोक्यात घोळते. मराठीत लिहायला बसतो, पण ऐकणारा चेहरा समोर येत नाही. संभाजीकाकांना नमस्कार सांगावा."

तीन उत्तरं लिहिली, तिन्ही फाडली. चौथं पाठवलं. त्यात फक्त त्या दोन भावांच्या नाटकावरचं माझं मत होतं. चार पानं झालं. दुसरं काही लिहिता येईना.

२३ डिसेंबर, रविवार

भोपाळहून जाड पाकीट. बळवंतरावांचं नवं नाटक. उघडलं, तर हिंदीत! पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदीत. माणूस गेला तो गेला, आता भाषेतूनही गेला असं वाटलं. बाजूला सारणार होते. तेवढ्यात पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, एकच ओळ, मराठीत.

"इथे येऊन हे मराठीत आणशील? दादांनाही घेऊन ये."

आणाल नाही. आणशील.

मोठ्याने वाचली. दादा जपमाळ ठेवून म्हणाले, "पुन्हा वाच."