उघड्या डोळ्यांचं काम

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज लिहायला दुसरं कुणी सुचलं नाही. सिंदीच्या आपल्या चर्चमधला तरुण संघ तुमच्यामागे मीच चालवते, आणि एक पोर हातचं चाललंय. अकरावीतला आहे. दिवसभर व्हिडिओ पार्लरांत सिनेमे बघत हिंडतो, रविवारी संघात येतो तर प्रार्थनेत डोळे मिटत नाही. टक लावून एकेकाकडे बघतो, मध्येच हसतो. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, याच्यापायी बाकीची बिघडतील. उद्या उपासनेनंतर त्याला संघातून काढायचं ठरणार आहे.

मी तरी कोणती गुणाची होते! कापसाच्या गाड्यांवर चढून हिंडायची, प्रार्थनेत डोळे सताड उघडे. पाळकसाहेब संतापायचे. तुम्ही मात्र मला स्वयंपाकघरात नेलंत, चहाचं आधण ठेवलंत आणि म्हणालात, "नाई मिटत त नको मिटू. पन फुकट नको पाहू. कोनाचे डोये भरून येते ते पाह्य, अन मले सांगजो." मग तेच माझं काम झालं. रविवारी मी सांगायची, सोमवारी तुम्ही त्या घरी जायच्यात. एकदा मी म्हटलं, "बाई, आज त तुमीच रडून राह्यल्या होत्या." तुम्ही चहात दोनदा साखर टाकलीत. "मंग माह्याकडं कोन येईन?" सोमवारी मी आले. तुम्ही मला शेजारी मेथी निवडायला बसवलंत. प्रवचनं पुष्कळ ऐकली मी, पण येशूचा हात धरला तो त्या मेथीपाशी.

गेल्या रविवारी तेच काम मी त्या पोराला दिलं. काय शहाणी समजत होते स्वतःला! तो म्हणाला, "मले काऊन सांगता? मागच्या उन्हायात सेवाग्रामच्या दवाखान्यात माही माय गेली, तवा पलंगाभवती तुमी सारे डोये मिटून होते. ती एकेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. मी एकटाच होतो तिच्याकडं पाहाले." आणि चालता झाला. तेव्हापासून दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले, कडी न वाजवताच परतले.

उद्या काय बोलू, बाई? त्याला राहू द्या म्हणायचा मला हक्क कुठला? हा कागद तुमच्या जुन्या चहाच्या डब्यात ठेवून देते, पोचणार तर कुठेच नाही.

त्या पलंगापाशी प्रार्थना मीच सांगत होते. उभ्या जन्मात प्रार्थनेत डोळे मिटले नाहीत मी. त्या दिवशी त्याच्या आईकडे पाहवेना, म्हणून मिटले.