नव्या फोकसरची पट्टी

३ तारीख, मंगळवार

आलो एकदाचे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि वरची आख्खी गच्ची आमची. चष्म्याची भिंगं घासायची माझी नवी नोकरी दहा मिनिटांवर आहे आणि चारला सुटते. दादा तर हरखूनच गेलाय. दुर्बिणीचं खोकं त्याने स्वतः वर चढवलं, मला टेकूही देऊ दिला नाही.

कारखान्यात ठिणगी उडून त्याचा डावा डोळा गेला, त्याला चार वर्षं झाली. आता सगळा कारभार उजव्यावर. आकाश बघणं हा त्याचा एकुलता एक शौक, आणि आमच्या दुर्बिणीचा फोकसर, म्हणजे आयपीस, डोळा लावायचं भिंग, मागेपुढे करून चित्र स्पष्ट करणारा भाग, धक्के खात सरकतो. एका डोळ्याने ताणून बघून त्याचं डोकं ठणकतं. म्हणून मी नवा मागवलाय. त्या डोळ्याला जपायला हवं.

५ तारीख, गुरुवार

‘कुठल्याही दुर्बिणीला बसतो’ असं तो दुर्बीणवाला छातीठोकपणे सांगत होता. बसतो, कपाळ माझं. एक भोक जुन्याशी जुळेल तर शपथ. पुढचं भिंग काढून गादीवर ठेवलं, नाहीतर धातूचा कीस त्यावर बसला असता, आणि तीन भोकं नव्याने पाडली. बोट कापलं. त्याच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली.

पण काम फक्कड झालं. नॉब फिरवला की नळी अलगद सरकते आणि तिच्यावर मिलिमीटरची पट्टी कोरलेली आहे. वस्तू जितकी जवळ, तितकी नळी बाहेर ओढावी लागते आणि आकडा वाढतो. उजेड होता तोवर तपासून घेतलं. लांबवर पाण्याची टाकी आहे, तिच्या शिडीपाशी कुणीतरी काळं बुजगावणं उभं केलंय. हलत नाही, कडा ठसठशीत. चाळीसवर अगदी स्पष्ट दिसलं. दादा बघायला मागत होता. म्हटलं, आधी मी नीट लावते, मग तू.

७ तारीख, शनिवार

आज तेच बुजगावणं बेचाळीसवर. चाळीसवर पुसट. म्हणजे फोकसरच जागचा घसरतो. दुर्बीणवाल्याला फोन केला तर म्हणतो, स्क्रू घट्ट करा. केला. दुसऱ्याच्या गळ्यात माल मारून वर अक्कल शिकवतात.

८ तारीख, रविवार

सेहेचाळीस. तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रू घट्ट आहे, मग नॉब पिळून फोकसर हलवणारा घरात दुसरा कोण? दादाला नाही नाही ते बोलले. तुझे हात थरथरतात, गुपचूप फिरवतोस आणि कबूल करत नाहीस, असंही बोलून गेले. तो म्हणाला, मी वर गेलोच नाही. मग जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मला वाईट वाटतंय, पण राग त्याहून जास्त आहे.

१० तारीख, मंगळवार

साठ. दुर्बीणवाल्याचा फोनवर पुरता पाणउतारा केला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, दुसरी एखादी वस्तू बघून तपासलंत का? फोन आपटला. दिवसभर भिंगं घासून पोट भरते मी, मला शिकवतो.

मग त्याला खोटं पाडायचं म्हणूनच टाकीची शिडी बघितली. चाळीस. पुन्हा बघितली, पुन्हा चाळीस. रस्त्यापलीकडचा विजेचा खांब बघितला. साठ.

फोकसर बरोबर आहे. बुजगावणं खांबापाशी आलंय. आणि नुसत्या डोळ्यांनी तिथे काहीच दिसत नाही.

आणखी एक. जवळ येणारी वस्तू मोठी दिसायला हवी. हे पहिल्या दिवशी आयपीसमध्ये नखाएवढं होतं, आजही नखाएवढंच. म्हणजे जवळ येतंय तसं ते लहान होतंय.

११ तारीख, बुधवार

पंच्याण्णव. गच्चीचा पलीकडचा कठडाही पंच्याण्णववरच स्पष्ट दिसतो. वीस पावलं. जाऊन कठड्यावरून हात फिरवला, शिव्या घातल्या. काही नाही तिथे.

दादाला बजावलं, नॉबला हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. त्याला वाटलं रविवारचाच राग आहे. वाटू दे.

१२ तारीख, गुरुवार, सकाळ

शंभर. नळी पूर्ण बाहेर, आता सरकत नाही. तरी पुसट. म्हणजे त्याहून जवळ — भिंगाला टोपण लावलं. कामावरून आले की हातोडी घेते. सांगायला हवं होतं दादाला, पण तो अजून बोलत नाही माझ्याशी, आणि मी तरी का —

संध्याकाळ

टोपण काढलेलं. दादा स्टुलावर, आयपीसला डोळा लावून. मी किंचाळले. तो शांतपणे म्हणाला, “नॉबला हात लावू नको म्हणालीस ना? नाही लावला. नुसतं बघितलं.”

काय दिसलं विचारलं. काही नाही म्हणाला, काळं होतं, मग तेही गेलं.

माझाच संताप येतोय मला. एक शब्द सांगितला असता तर —

उजेड गेल्यावर

डोळा चोळतोय. उजवा. कचरा गेलाय म्हणतो, बघ जरा. कामावरचं भिंग आणलं, पापणी वर केली. कचरा नाही. बाहुलीच्या मधोमध, तिच्याहूनही काळं, खसखशीएवढं — उभं — कडा ठसठशीत —

काही नाही म्हटलं त्याला. ओलं फडकं देऊन बसवलंय. डॉक्टरला फोन लावतेय, लागत नाही. मेला फोन —

आतून हाक मारतोय. दिवा का मालवलास, विचारतोय.

दिवा चालू आहे.

पुन्हा विचारतोय. चिडून विचारतोय, अजून रागच आहे का तुला, दिवा लाव ना. दादा, मी